हात न धरता

अरुंधती पांढरीपांडेबद्दल ओळखीपाळखीत कोणालाही विचारा, एकच शब्द यायचा: खंबीर. कोराडीच्या वीज केंद्रातल्या हिशेब विभागात तिनं उभी हयात काढली. सकाळी स्टाफ बसनं जायचं, टेबलावर बसलेली राखेची पुटं फडक्यानं पुसायची आणि संध्याकाळी त्याच बसनं परत यायचं. लग्न झालं नाही. का झालं नाही याचं एकच एक कारण सांगता येणार नाही. दोनदा ठरता ठरता राहिलं, मग वडील गेले, मग धाकट्या मार्तंडचं शिक्षण आलं, मग त्याचं लग्न. आणि मग कधीतरी तिच्या लक्षात आलं की आता कोणी विचारतच नाही. मार्तंड पुण्याला स्थायिक झाला. त्रिमूर्तीनगरातल्या पहिल्या मजल्यावरच्या घरात ती आणि आई अशा दोघीच उरल्या.

ती निवृत्त झाली त्याच सुमाराला आईनं अंथरूण धरलं. कमरेखालचं अंग लुळं पडलं होतं. मार्तंड फोनवर म्हणायचा, "ताई, दिवसरात्रीची बाई ठेव ना." पण आईला परक्या बाईचा हात चालत नसे. बाई जवळ आली की ती डोळे गच्च मिटून घ्यायची. म्हणून अरुंधतीच आईला उचलायची. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून परत पलंगावर. बगलेत हात घालायचा, गुडघे वाकवायचे आणि "चल गं माझी बाय" म्हणत उभं राहायचं. दिवसातून किती वेळा, ते तिनं कधी मोजलं नाही. या काळात तिचे दंड आणि मांड्या पोलादासारख्या झाल्या होत्या, पण तेही तिच्या कधी लक्षात आलं नाही.

आई गेली तेव्हा माणसं आली, तेरा दिवस घर भरलेलं राहिलं, आणि चौदाव्या दिवशी मार्तंडची गाडी पुण्याकडे निघाली. त्यानंतर तिच्या हातांना उचलायला घरात काही उरलं नाही. एकटीची दोन भांडी आणि एकटीचे दोन कपडे. सकाळी पेपर वाचत खुर्चीत, दुपारी टीव्हीपुढे सोफ्यावर, संध्याकाळी बाल्कनीतल्या खुर्चीत. जमिनीवर बसायचं काही कारणच उरलं नव्हतं. देवपूजासुद्धा ती उभ्यानं करायला लागली होती.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात ती पडली.

सकाळीच खिडक्या लावून पडदे ओढून घ्यायचे दिवस होते. बाहेरच्या खोलीतल्या कूलरमध्ये पाणी भरता भरता तिचा पाय घसरला. बादली एकीकडे उपडी झाली आणि ती दुसरीकडे. फार लागलं नाही, हे आधी सांगायला हवं. थोडा खुबा ठणकला, कोपर सोललं, एवढंच. ती स्वतःशीच "अगं बाई" म्हणाली आणि उठायला म्हणून तिनं हात टेकला.

उठता आलं नाही.

पुन्हा टेकला. ओल्या फरशीवर तळवा सरकून गेला. कुशीवर वळून गुडघा पोटाशी घेतला आणि जोर केला, तर मांडी नुसती थरथरली. पाय तिचेच होते, पण तिचं ऐकत नव्हते. धरायला जवळ काही नव्हतं. सोफा होता, पण त्याचा हात गुबगुबीत आणि बुटका. त्याला धरून ती अर्धी उठली आणि पुन्हा खाली आली. 

कूलर चालूच होता. भिजलेल्या गाउनवर त्याचा गार झोत येत होता. बाहेर रस्ता तव्यासारखा तापला होता आणि आत अरुंधती थंडीनं कुडकुडत पडली होती. टीव्हीच्या टेबलावर फोन वाजला. रविवार होता, म्हणजे मार्तंडच. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला नाही. खाली रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी भोंग्यातून "आलू, प्याज, टमाटर" ओरडत गेली. वरच्या मजल्यावर शोभाताई होत्या. हाक मारली असती तर त्या धावत आल्या असत्या. तिनं तोंड उघडलं आणि "शोभाताई" म्हणालीही, पण आवाज समोरच्या भिंतीपर्यंत जेमतेम पोचला. मोठ्यानं हाक मारून कोणाला बोलवायची तिला सवयच नव्हती. ऑफिसात नाही, घरात नाही, कुठेच नाही.

शेवटी ती सरपटत निघाली. कोपरं टेकत, उंबरा ओलांडून, आतल्या खोलीत. आईचा लोखंडी पलंग अजून तिथेच होता. त्याच्या पायाला धरून गुडघ्यावर आली, मग दांडीला धरून उभी राहिली. उभी राहिली तेव्हा दुपारचं ऊन पडद्याच्या फटीतून पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं.

तिनं कपडे बदलले. फरशी पुसली. चहा केला. संध्याकाळी मार्तंडचा फोन आला, "का गं, सकाळी उचलला नाहीस?"

"झोप लागली होती रे," ती म्हणाली.

"बरं बरं, झोपत जा. उन्हाळाच आहे तसला."

आपण अर्धा दिवस जमिनीवर पडून होतो, हे या जगात कोणालाही माहीत नाही. रात्री पाठ टेकताना तिला या गोष्टीचं पडण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

डॉक्टरांना तिनं 'पाय घसरला' एवढंच सांगितलं. त्यांनी एक्स-रे काढायला लावला. हाडं शाबूत होती. "पण पायात ताकद उरलेली नाही," ते म्हणाले. "व्यायाम काय करता?"

"आधी आईचं करत होते."

"आता?"

"आता काही नाही."

"मग सुरू करा. कोणताही करा, आवडेल तो. पण रोज करा."

या 'कोणताही' शब्दापायी तिचे पुढचे कितीतरी महिने गेले. मार्तंड म्हणाला, चाल. चालण्यासारखा व्यायाम नाही. त्याची बायको चारुशीला प्राणायामाबद्दल सांगायची. शोभाताई तर मागेच लागल्या. शोभाताईंच्या यजमानांचं गांधीबागेच्या बाजारात कापडाचं ठोक दुकान होतं आणि घरात दोन सुना होत्या, त्यामुळे शोभाताईंकडे वेळही होता आणि हौसही.

"अवं, तू काहून अशी घरात कोंडून राहिली? चाल माझ्यासंगं," त्या म्हणायच्या.

आधी ती चालायला गेली. सकाळी घराजवळच्या बागेतल्या पायवाटेवर माणसांची चक्री चालू असायची. सगळे जोडीनं किंवा टोळक्यानं. नवराबायको, मैत्रिणी, निवृत्तांचे कंपू. अरुंधती एकटीच चालायची आणि पुढच्या जोडीच्या मागे पडून त्यांच्या घरातल्या भानगडी ऐकायची. महिनाभरात तिला दम लागेनासा झाला, झोप बरी लागू लागली. एक दिवस घरी येऊन तिनं दार लावलं, आईच्या पलंगाजवळ उशी टाकली आणि हळूच खाली बसली. मग पलंगाकडे पाठ करून उठायला गेली. नाही जमलं. मागे वळून दांडी धरावी लागली.

तेव्हापासून ही परीक्षा ती अधूनमधून घेऊ लागली. दार आतून बंद करून आणि हाताच्या अंतरावर पलंग ठेवून.

मग योगवर्ग झाला. बाई शांत होत्या, आवाज गोड होता. पहिल्या दिवशी सगळ्यांनी सतरंज्या अंथरल्या आणि बाई म्हणाल्या, "काकू, तुम्हाला खाली बसायला त्रास होतो ना? तुम्ही मागे खुर्चीवर करा." त्यांनी प्रेमानंच म्हटलं होतं. अरुंधती मागच्या भिंतीशी खुर्चीवर बसून हात वर-खाली करू लागली. समोर सगळ्यांच्या पाठी दिसायच्या. तिचे आखडलेले खांदे सुटले, कंबर मोकळी झाली, पण ज्या जमिनीची तिला धास्ती होती त्या जमिनीवर तिथे तिला कोणी बसूच देईना. शवासनाच्या वेळी खोलीभर माणसं निजलेली असायची आणि ती एकटी खुर्चीत डोळे मिटून बसायची. एकदा डोळे उघडले तर सगळी निश्चल. तिला आईची आठवण झाली, आणि ती दुसऱ्या दिवसापासून गेली नाही.

शोभाताईंच्या भाचीनं झुंबा सुरू केला होता, तिथेही ती गेली. मोठ्यानं लावलेली गाणी, उड्या, टाळ्या. खोटं कशाला बोला, पहिल्या दिवशी तिला फार मजा आली. शोभाताई गिरकी घेताना तिच्या अंगावर आदळल्या आणि दोघी पोट धरून हसल्या. कोणाच्या तरी अंगाचा असा धक्का लागून किती वर्षं झाली होती! पण आठवडाभरात गुडघे टम्म सुजले आणि तेही बंद पडलं.

"तुले नेमकं पाह्यजे काय वं?" शोभाताईंनी वैतागून विचारलं. "वजन तं तुझं आधीच नाही. शुगर नाही, बीपी नाही. मंग?"

अरुंधतीच्या ओठांवर आलं होतं. पण शोभाताईंना सांगितलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं असतं, सगळ्यांनी घराची किल्ली मागून ठेवली असती, येताजाता दार वाजवलं असतं, डोळ्यांत ती ओळखीची दया आली असती. "काही नाही," ती म्हणाली. "तब्येत चांगली राहावी, एवढंच."

शेवटी मेडिकलच्या दुकानावरच्या जिममध्ये ती कोणालाही न सांगता गेली. जिना चढून वर गेल्यावर चारही भिंतींना आरसे. सगळीकडे आपणच, पांढऱ्या केसांच्या, पंजाबी ड्रेसमधल्या. तिला परत फिरावंसं वाटलं, इतक्यात एक तरुण ट्रेनर समोर आला. त्याचं नाव पियूष. कळमेश्वरहून रोज मोटरसायकलनं यायचा.

"या काकू. वेट लॉस ना?"

येणाऱ्या प्रत्येक बाईला तो हेच विचारत असावा. अरुंधती संकोचून "हो" म्हणाली. त्यानं तिला पळत्या पट्ट्यावर उभं केलं, मग सायकलवर बसवलं. ती आज्ञाधारक विद्यार्थिनी होती. सांगितलं तेवढं करायची, खाडा करायची नाही. दसऱ्यापर्यंत तिचे गाल बसले. शोभाताई म्हणाल्या, "बारीक झाली वं तू! छान दिसून राहिली." त्या संध्याकाळी तिनं दार लावलं, उशी टाकली आणि बसली. उठायला गेली, तर आधीपेक्षाही वाईट गत. या वेळी तर दांडी धरूनही दोनदा बुड आपटलं. मग ती तिथेच पलंगाला टेकून बसून राहिली. रडली नाही. नुसती समोरच्या कपाटाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती दुपारी जिममध्ये गेली. दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. पियूष बाकावर बसून डबा खात होता.

"काकू? या वेळेले?"

अरुंधती उभीच राहिली. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाली, "मला वजन कमी करायचं नाही आहे."

"बरं. मंग?"

"मला जमिनीवरून उठता आलं पाहिजे. एकटीनं. कशाला न धरता, कोणाचा हात न घेता."

आणि मग थांबता न आल्यासारखं तिनं सगळं सांगितलं. कूलर, बादली, ओली फरशी, वाजून थांबलेला फोन. पहिल्यांदाच. एका जवळजवळ अनोळखी पोराला, जो पोळीचा घास हातात तसाच धरून ऐकत होता.

त्यानं घास परत डब्यात ठेवला. मग म्हणाला, "काकू, हे आधी काहून नाही सांगतलं?"

"तू वजनाचं विचारलंस."

पियूष ओशाळला. डबा बाजूला ठेवून त्यानं हात धुतले. "चूक माझीच आहे. पाहा ना, ज्याले वजन कमी करायचं त्याचं काम वेगळं, ज्याले दंड काढायचे त्याचं वेगळं, पोलीस भरतीवाल्या पोट्ट्यांचं तं अजूनच वेगळं. मी तुमाले वजनवाल्यांच्या लायनीत उभं करून टाकलं. उलट तुमचं जेवण कमी झालं असन, त्यानं होती नव्हती ते ताकदही गेली." मग जरा घुटमळून म्हणाला, "आता इथे खाली बसून दाखवता का? मले पाह्यलं पाहिजे कुठं अडते ते."

ती आरशांकडे बघून कचरली. पण जिम रिकामी होती. ती बसली. उठायला गेली. अर्ध्यात मांडी थरथरली आणि ती परत खाली आली. पियूषनं चटकन हात पुढे केला.

"हात नको."

दोनदा प्रयत्न केला. शेवटी तोच हात धरून उठावं लागलं. तिला वाटलं, हा आता हसेल किंवा कळवळेल. पण तो डोकं खाजवत होता. "असं कोणी मले कधी मागतलंच नाही काकू," तो म्हणाला. "सगळे फोटो दाखवतात, असं शरीर पाह्यजे म्हणतात. विचारून पाहतो एका डॉक्टरीण बाईले, फिजिओवाल्या. उद्या याच वेळेले या."

तेव्हापासून तिची वेळ दुपारची झाली. पट्टा आणि सायकल बंद. आधी उंच बाकावरून उठणं, हात छातीशी घडी करून. ते जमलं की त्याहून बुटका बाक. मग लाकडी ठोकळा. मग हातात छोटं वजन घेऊन. मग एक गुडघा गादीवर, दुसरा पाय पुढे, मांडीवर भार घेत वर. सकाळचं चालणं तिनं सोडलं नाही, त्यानं दम टिकून राहायचा. योगवर्गातली कंबर मोकळी करणारी दोन आसनं ती घरीच करू लागली. इथून थोडं, तिथून थोडं घेत तिचा स्वतःचा असा एक व्यायाम तयार झाला. वरणभाताच्या जोडीला उसळ आली, रोज वाटीभर दही आलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. संक्रांतीच्या आधी पियूषला घाई झाली. त्यानं वजन वाढवलं, तिनं नको म्हटलं नाही, आणि तिच्या कंबरेत उसण भरली. आठवडाभर ती अंथरुणाला खिळली. तिला वाटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. रविवार नव्हता.

"काकू, पियूष बोलून राहिलो. कशी आहे कंबर? मी घाई केली, माझं चुकलं. पण तुम्ही सोडू नका बरं."

"नाही सोडणार," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तो हातात धरून ती थोडा वेळ तशीच पडून राहिली. रविवार नसताना आपल्यासाठी फोन वाजला, याचंच तिला कितीतरी वेळ नवल वाटत होतं.

मग पुन्हा उंच बाकापासून सुरुवात. पुन्हा बुटका बाक, पुन्हा ठोकळा. शिमगा गेला, ऊन चढलं. पियूष तिच्याशी फार बोलत नसे. समोर उभा राहून नुसता म्हणायचा, "छाती वर काकू, पाय जमिनीत रोवा, हं, आता." मधेच कधी कळमेश्वरच्या घरच्या गोष्टी सांगायचा. आजोबा पंच्याऐंशीचे आहेत आणि अजून ओट्यावर मांडी घालून जेवतात. बहिणीचं लग्न ठरत नाही. ती ऐकायची. ते दुपारचं घटकाभर बोलणं तिच्या दिवसाचा मध्य झालं होतं. सकाळ त्याच्या आधीची आणि संध्याकाळ त्याच्या नंतरची.

आणि एका दुपारी, जिमला सुट्टी होती त्या दिवशी, अरुंधती घरी उशी न टाकता, पलंगापासून दूर, बाहेरच्या खोलीच्या मधोमध बसली. एक गुडघा टेकला, दुसरा पाय पुढे घेतला, श्वास सोडला आणि उठली. उठून उभी राहिली. इतकी सहज, की काहीतरी चुकलं असावं असं वाटून ती पुन्हा बसली आणि पुन्हा उठली. मग तिसऱ्यांदा. मग एकटीच खोलीच्या मधोमध उभी राहून ती हसली, आणि हसता हसता इकडेतिकडे बघितलं. बघायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती वेळेच्या आधीच जिना चढली. आत वेगळीच मुलगी होती, मानेवर टॉवेल टाकलेली. रितिका तिचं नाव.

"पियूष सर ना? ते पुण्याले गेले काकू. मोठ्या जिममध्ये लागले. अचानकच ठरलं त्यांचं. तुम्हाला काय करायचं आहे, वेट लॉस?"

"नाही," अरुंधती म्हणाली. "माझं मी करते."

त्या दिवशी तिनं सगळं नेमानं केलं आणि घरी येऊन पियूषला संदेश पाठवला: काल उठता आलं. तीनदा. संध्याकाळी उत्तर आलं. "जबरदस्त काकू!!" आणि पुढे आवळलेल्या मुठीचं चित्र. तिला वाटलं होतं, तो फोन करेल. पण नवी नोकरी, नवं शहर. तिनं स्वतःचीच समजूत घातली आणि संदेश पुन्हा एकदा वाचला.

रविवारी मार्तंडचा फोन आला तेव्हा तिला राहवलं नाही. उठल्याचं सांगायचं तर पडल्याचंही सांगणं आलं. तिनं सगळं सांगितलं. 

"म्हणजे त्या रविवारी तू झोपली नव्हतीस," मार्तंड म्हणाला.

"नाही रे."

"आणि मी पुन्हा फोन पण केला नाही."

"तुला काय माहीत."

 चारुशीलानं फोन घेतला. "ताई, तुम्ही आता इकडेच या बरं. लिफ्ट आहे, मागची खोली रिकामीच आहे. एकटं राहायचंच कशाला?" अरुंधतीनं ती मागची खोली डोळ्यांसमोर आणली. खिडकीतून समोरची इमारत, आणि ती खुर्चीतून उठू लागली की लगबगीनं पुढे येणारा कोणाचा तरी हात. "येईन," ती म्हणाली. "दिवाळीला येईन चार दिवस." पुढचे आठ दिवस मार्तंडचा रोज फोन आला. मग एक दिवसाआड. मग पुन्हा रविवारी.

भाद्रपदात शोभाताईंकडे महालक्ष्म्या बसल्या. संध्याकाळी जेवायला अख्खी इमारत. दोन खोल्यांमधलं सामान हलवून खाली बसायला पट्ट्या अंथरल्या होत्या, आणि म्हाताऱ्यांसाठी कोपऱ्यात टेबल-खुर्च्या. अरुंधती दारात दिसताच शोभाताई घामाघूम होऊन ओरडल्या, "अरुंधती, तुझं पान तिकडे खुर्चीवर लावलं आहे बरं!"

"मी खाली बसते."

"अवं, बसशीन तं उठशीन कशी?" शोभाताई बोलून मोकळ्या झाल्या, आणि कोणीतरी आतून तूप मागितलं म्हणून उत्तराची वाट न बघता निघूनही गेल्या.

ती पंगतीत बसली. एका बाजूला तिसऱ्या मजल्यावरची नवी सून, दुसऱ्या बाजूला मांडीवर बाळ घेतलेली एक पाहुणी. पुरण आलं, कढी आली, वडे, भजी, आंबील, सोळा भाज्यांची एक भाजी. नव्या सुनेनं तिला विचारलं, "काकू, तुम्ही पहिल्या मजल्यावरच्या ना? एकट्याच राहता?" ती हो म्हणाली. सून आणखी काही विचारणार होती, पण तिला पलीकडून कोणीतरी हाक मारली. अरुंधती पोटभर जेवली. इतक्या माणसांत बसून जेवल्याला किती काळ लोटला होता, ते आठवायचा तिनं प्रयत्न केला आणि सोडून दिला.

पंगत उठली. आजूबाजूला एकच गलका. बायका एकमेकींचे हात धरून "अगं आई गं" करत उठत होत्या. अरुंधतीनं गुडघा टेकला, पाय पुढे घेतला आणि उठली. उष्टं ताट तिच्या हातातच होतं. कोणी बघितलं नाही. सगळ्यांचं लक्ष पुढच्या पंगतीच्या पानांकडे, मुलांकडे, हात धुवायच्या गर्दीकडे. तिनं ताट टबात ठेवलं. कढईशी उभ्या असलेल्या शोभाताईंच्या धाकट्या सुनेनं जो हात रिकामा दिसला त्याच्यात कढीचं पातेलं दिलं, "काकू, एवढी ओळ वाढता का?" आणि ती वाकून वाकून वाढत सुटली. कोणी "बस, बस" म्हणायचं, कोणी वाटी पुढे करायचं.

ती पंगतही उठली तेव्हा शोभाताईंनी तिच्या हातात प्रसादाचा डबा दिला. "उद्या ये ना, गप्पा मारू," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा आत वळल्या.

अरुंधती जिना उतरून घरी आली. दिवा लावला, डबा फ्रिजमध्ये ठेवला, पैठणीची घडी घातली. वर अजून तिसरी पंगत बसत होती. छतावरून पावलांची धावपळ ऐकू येत होती, पातेली सरकवल्याचे, ताटं ठेवल्याचे आवाज, मधूनच लहान मुलांचं धूम पळणं. तिनं टीव्ही लावला नाही. बाहेरच्या खोलीत गार फरशीवर भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली, आणि आवाज विरळ होत थांबेपर्यंत ऐकत राहिली.